नाक हरवलेला पाव: एका भिंतीच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

वाचनालयाची जिन्याजवळची भिंत मिळाली. सहा फूट बाय चार फूट, त्यात मधोमध विजेचा बोर्ड. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनापर्यंत तिथे काहीतरी लावायचं आहे. बाईंनी (ग्रंथपाल, पण आम्ही सगळे बाईच म्हणतो) सुचवलं की ‘मराठीत आलेले परकीय शब्द’ असा तक्ता करा. असे तक्ते दरवर्षी होतात. टेबल इंग्रजी, बटाटा पोर्तुगीज, हजर अरबी. तीन रकाने आणि कोपऱ्यात पणती. लोक त्याकडे बघत चपला काढतात आणि आत जातात.

मी म्हटलं, एकच शब्द घेते. अगदी छोटा. जगाच्या नकाशावर तो कुठे कुठे भेटतो, काय अर्थाने भेटतो, आणि त्यातले सख्खे कोण, नुसते नावाला सारखे कोण, ते दोऱ्यांनी दाखवते. बाई म्हणाल्या, “एका शब्दात एवढी भिंत भरेल?” मी भरेल म्हटलं खरं. शब्द मात्र ठरलेला नव्हता. ‘साल’ डोक्यात होता, ‘कर’ होता.

संध्याकाळी भाची नाक्यावरच्या बेकरीतून आली. “मावशी, संपत आले होते गं. पाव डझन पावच मिळाले.”

पाव डझन पाव. ठरलं.

१४ जानेवारी

आधी मराठीतल्या मराठीत बघू.

पहिला पाव म्हणजे चौथाई. मूळ संस्कृत ‘पाद’, म्हणजे पाय. गाईला पाय चार, त्यातला एक म्हणजे चौथा हिस्सा. श्लोकाचे चार पाद, पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठही अध्यायांचे चार-चार पाद, आणि शेराचा पाद तो पावशेर. मधला ‘द’ प्राकृतात गळाला आणि एकाच पादाची दोन मुलं वेगळी निघाली. ‘पाय’ चालायला लागला, ‘पाव’ मोजायला बसला. पाव कमी ती पाऊण (पाद आणि ऊन), पावासकट तो सव्वा (सपाद). म्हणजे दुकानात आपण सव्वा किलो मागतो तेव्हा त्यात एक पाय असतो.

आईला पावकी अजून येते. तिळगूळ वळता वळता तिने एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण असं सुरू केलं आणि चाळिसाच्या पुढे गेल्यावर मीच थांबवलं. मग उठून पितळी डबा घेऊन आली. त्यात पंचवीस पैशांची सात नाणी. “या पावल्या.” पावली म्हणजे चार आणे, रुपयाचा पाव. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली तेव्हा चार आण्यांचे पंचवीस पैसे झाले, तरी आईच्या तोंडात पावलीच राहिली. ३० जून २०११ पासून ते नाणंच व्यवहारातून बाद झालं. एक पावली मागून घेतली, भिंतीवर चिकटवायला. “परत दे,” म्हणाली. बाद झालेली असली तरी.

१५ जानेवारी

खरेदी: सॉफ्टबोर्ड दोन, टाचण्या दोन डब्या, तांबडा दोरा एक रीळ, निळा दोरा एक रीळ. नकाशा मीच घरी छापून आठ तुकड्यांत जोडणार आहे.

नियम: तांबडा दोरा नात्याचा. निळा दोरा योगायोगाचा, म्हणजे कानाला सारखं, रक्ताचं काही नाही. तिसरा रंग ठेवायचा नाही. ‘कदाचित’चा रंग ठेवला की सगळी भिंत त्याच रंगाची होते, हे मला आत्ताच दिसतंय.

१९ जानेवारी

दुसरा पाव: ‘देवा, पाव!’

याचं मूळ ‘प्र’ आणि ‘आप्’, ज्यातून ‘प्राप्त’ आलं. प्राकृतात ‘पावइ’, मराठीत पावणे, हिंदीत पाना. पोहोचणे, मिळणे, प्रसन्न होणे. नवसाला देव पावतो, गणपतीच्या आरतीत आपण त्याला ‘संकटी पावावे’ म्हणतो, माणूस मरण पावतो, आणि पैसे पावले की पावती मिळते. वैतागलो की भरून पावतो. देवळापासून कारकुनाच्या टेबलापर्यंत एकच क्रियापद, कुठेही अवघडत नाही. कोकणीत तर त्याचा साधा जुना अर्थ रोजच्या वापरात आहे. मडगावची मैत्रीण घरी गेल्यावर ‘पावलें’ असा निरोप पाठवते. पहिल्यांदा मला वाटलं हिला कुठला तरी देव पावला. ती फक्त घरी पोहोचली होती.

इथे एक चूक केली, ती लिहून ठेवते. आमच्याकडे पाहुण्याला पावणे म्हणतात. ‘जो येऊन पावतो तो पावणा’ असं वाक्य सुचलं, आवडलं, सुबक अक्षरात कार्डावर उतरवलंसुद्धा. नंतर कोश उघडला. पाहुणा आला आहे संस्कृत ‘प्राघुण’वरून, प्राकृत ‘पाहुण’मार्गे. ‘प्राप्’शी त्याचा संबंध नाही. कार्ड फाडलं. वाक्य जितकं छान, तितकं आधी कोशात बघायचं, हा नवा नियम.

पावसाचंही तसंच. पावसाळ्यात ‘पाव’ दिसतो, पण पाऊस येतो ‘प्रावृष्’वरून. शेतकऱ्याला पाऊस पावतो ते वेगळं.

भाचीने जेवताना एक वाक्य तयार केलं: “पावणेआठला पावणे पावले.” यात पहिलं पावणे पाद-ऊनाचं, दुसरं प्राघुणाचं, तिसरं प्राप्तीचं. तीन शब्द, तिघांची मुळं वेगळी, आणि लिहिताना सगळे एकाच गणवेशात. हे वाक्य बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात जाणार.

२३ जानेवारी

बाईंनी कच्चा आराखडा पाहिला. ‘पाद’वर बोट ठेवून गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “शाळेची मुलं येतात हो.”

खरं आहे. आजच्या मराठीत पाद म्हटलं की कुठलाही चौथीतला मुलगा पाणिनीकडे जाणार नाही. गंमत अशी की तो पाद वेगळाच आहे. त्याचं मूळ ‘पर्द्’ हा धातू, आणि तोही चांगल्या घराण्यातला. ग्रीकमध्ये त्याचे नातेवाईक आहेत, इंग्रजीतही याच क्रियेचा शब्द याच मुळाचा आहे. चार हजार वर्षांहून जुनी कुळी. बाईंना हे सांगितलं. त्यांना कुळीत रस नव्हता.

तोडगा: विसर्ग लावून ‘पादः’ लिहायचं. संस्कृत आहे हे लांबून कळेल.

२६ जानेवारी

तिसरा पाव, खायचा. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप.

झेंडावंदन झाल्यावर बेकरीत गेले. भट्टीमागे जायची परवानगी मिळाली, कारण मी तिथे बारा वर्षं उधारी ठेवते आहे. पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे एकमेकांना खेटून ठेवतात, भाजताना फुगून चिकटतात, बाहेर येते ती लादी. फरशीसारखी दिसते म्हणून लादी, हे सरळ आहे. मग पाव का? मालक क्षणभरही थांबले नाहीत. “अहो, पूर्वी लादी चारची असायची. एक तुकडा म्हणजे पाव भाग. म्हणून पाव.”

किती नीट बसतं! बुद्धीला पटतं, जिभेला पटतं, हिशेबाला पटतं. काउंटरपाशी उभ्या तिघांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी येताना वाटलं, पोर्तुगीजांना मध्ये आणायची गरजच काय, सगळं घरातच तर आहे.

नव्या नियमानुसार लगेच लिहिलं नाही.

२९ जानेवारी

आज सापडलं. बोर्डासाठी नव्हे, शेंगदाण्यांसाठी गेले होते.

कोपऱ्यावरचं किराणा दुकान गुजराती कुटुंबाचं. भाई त्यांच्या बायकोला आतून काहीतरी आणायला सांगत होते आणि त्यात ‘पाउं’ आलं. शेवटी चक्क नाकातून. मी विचारलं, “काय म्हणालात?” “पाउं, बेन. ब्रेड. भाजीवाला.” “आणि पाव किलोला काय म्हणता?” “पा. जुन्या मापात पाशेर.”

दोन शब्द! गुजरातीत चौथाई ती ‘पा’ आणि खायचं ते ‘पाउं’. एकाला नाक आहे, दुसऱ्याला नाही. लादीच्या चौथाईवरून नाव पडलं असतं तर गुजरातीतही दोन्हीकडे ‘पा’च असता. नाकातला सूर मध्येच कुठून आला?

तो आला लिस्बनहून. लॅटिनमध्ये भाकरीला ‘पानिस’, वाक्यात बहुतेकदा ‘पानेम’. स्पॅनिशने त्यातला ‘न’ तसाच ठेवला: ‘पान’. इटालियनमध्ये ‘पाने’. पोर्तुगीजांनी दोन स्वरांमधला ‘न’ गिळून टाकला, पण गिळताना त्याचा सूर नाकात अडकून राहिला. त्यांचा उच्चार ‘पांव’च्या जवळ जातो, शेवटपर्यंत नाकातून. गुजरातीने तो अनुनासिक जपला. मराठीने टाकला, आणि टाकल्याबरोबर तो आपल्या चौथाईच्या पावाशी तंतोतंत जुळला. बेकरीवाल्यांची चार तुकड्यांची गोष्ट जन्माला यायला एवढंच लागलं.

शेंगदाणे विसरले.

१ फेब्रुवारी

एका भाषेवर विसंबायचं नाही म्हणून कोलकात्याच्या जुन्या सहकारी बाईंना फोन केला. बंगालीत ब्रेड ‘पाउरुटि’ आणि शेराची चौथाई ‘पोया’. इथेही दोघं वेगवेगळे. ‘पाउरुटि’ हा तर मजेशीर जोडशब्द आहे. पाउ म्हणजे रोटी, रुटि म्हणजे रोटी. परदेशी पाहुण्याला ओळख पटावी म्हणून त्याच्यामागे घरचं नाव लावलंय. हिंदीत पावरोटी तसंच.

तेव्हा निकाल: चौथाईचा पाव ते खायचा पाव, निळा दोरा. बेकरीतल्या काउंटरवर हे सांगायची हिंमत अजून झालेली नाही.

४ फेब्रुवारी

आता बाहेर. हरवलेलं नाक कुठे कुठे शिल्लक आहे, ते शोधायचं.

श्रीलंका, सिंहलीत ‘पान्’. तिथल्या तमिळ बोलणाऱ्यांतही ‘पाण्’. कोलंबोच्या गल्ल्यांतून पाव विकणारी रिक्षा फिरते, भोंग्यावर बेथोव्हेनची धून वाजवत, आणि तिला ‘चून पान्’ म्हणतात. गोव्यात हेच काम सायकलवरचा पदेर ‘पों पों’ करत करतो. पूर्वी त्याच्या हातात घुंगरांची काठी असे. पदेर हाही त्याच घरचा, पोर्तुगीज ‘पादेइरू’, पाव करणारा. गोव्यातला ‘पाद्री’ मात्र वेगळा, तो ‘पाद्रे’ म्हणजे बाप. तांबड्या दोऱ्याशेजारी लगेच निळा.

(सायकलवरून आठवलं. पदेराच्या सायकलचं पेडल हे लॅटिन ‘पेस’, म्हणजे पाय, यावरून आलेलं, आणि तो ‘पेस’ आपल्या ‘पाद’चा सख्खा चुलत. म्हणजे पदेर दाबतो चौथाईचा पाव आणि विकतो पोर्तुगीज पाव. हे कुठे बसवू? टोपलीचं चित्र काढून त्यात.)

थायलंडमध्ये ब्रेडला ‘खनोम पांग’. कोरियात ‘प्पांग’. पण कोरियाचा दोरा पोर्तुगालला थेट जात नाही, जपानमार्गे जातो.

आणि जपानमध्ये ‘पान’. इथे मी दिवसभर अडकले, आणि अडकण्यासारखंच आहे. १५४३ साली पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर उतरले. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आला आणि १५४९ मध्ये जपानच्या कागोशिमाला पोहोचला. आज त्याचं शव जुन्या गोव्यातल्या बॉम जेजूच्या बॅसिलिकात आहे. म्हणजे जुन्या गोव्यापासून कागोशिमापर्यंतचा माझा तांबडा दोरा नुसता शब्दाचा नाही, त्या वाटेने माणसंही गेली. १६३९ साली जपानने पोर्तुगीजांना घालवलं. माणसं गेली, शब्द राहिला. आणि लॅटिनमधला जो ‘न’ पोर्तुगीजांनी गिळला होता, तो जपानी कानांना त्या नाकातल्या सुरात पुन्हा ऐकू आला! पानेम, पांव, पान. आजोबांचं नाक नातवात उतरावं तसं.

पुढची कथा याहून गोड. १८७४ साली टोकियोच्या किमुराया बेकरीत किमुरा यासुबेई या जुन्या सामुराईने ‘आनपान’ केला. पावाच्या पोटात ‘आन’, म्हणजे शिजवून वाटलेल्या लाल कडधान्याचं गोड पुरण. होय, पुरणच, दुसरा शब्द लावायला मन होत नाही. १८७५ च्या ४ एप्रिलला तो सम्राट मेइजींसमोर ठेवला गेला. पीठ फुगवायला त्याने तांदळाच्या दारूचं, साकेचं विरजण वापरलं. गोव्यात पदेरांनी काय वापरलं होतं? माडाची सूर. दोन्हीकडे पोर्तुगीजांचा शब्द, दोन्हीकडे तो फुगवला घरच्या दारूने. या दोघांमध्ये दोरा कुठल्या रंगाचा, हे ठरेना. शब्दाचा तांबडा आहेच, दारूचा वेगळा लावत नाही.

शेवटी उरलेसुरले: मुंबईतल्या हॉटेलांत कटलेटला लावतात तो ‘पँको’ म्हणजे जपानी ‘पान-को’, पावाचा चुरा. तो तांबडाच. पण ‘पानवाल्या’चं पान ‘पर्ण’वरून, ते निळं. आणि पोर्तुगीजमध्ये जपानला म्हणतात ‘जापांव’, म्हणजे देशाच्या नावाच्या शेपटालाच पाव लागलेला. तोही निव्वळ योगायोग.

८ फेब्रुवारी

चिनी ‘बाव’ने डोकं खाल्लं. वाफवलेला, गुबगुबीत, आत सारण. होक्कियन बोलीत उच्चार थेट ‘पाव’, मलायातही ‘पाव’. दिसायला आपल्या पावाचा जुळा भाऊ. कुणालाही वाटेल, पोर्तुगीज मकावमध्ये १५५७ ला बसले आणि १९९९ पर्यंत होते, त्यांनीच दिला असणार.

नाही. या शब्दाचा अर्थ गुंडाळणे, पुडी बांधणे. सारण पिठात गुंडाळलं म्हणून बाव. पोर्तुगीज जहाजं येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे आहे. वर कडी म्हणजे पाश्चात्त्य ब्रेडलाही चिनी भाषेत ‘मिएनबाव’ म्हणतात. त्यामुळे मकावच्या बेकरीत एकाच पदार्थाला एक जण पोर्तुगीजमधून पाव म्हणू शकतो, दुसरा चिनीतून बाव, आणि दोघं एकच शब्द बोलल्यासारखे वाटतात. बोलत नाहीत.

फिलिपीन्समध्ये तर दोघे एकाच कपाटात. ‘पानदेसाल’, म्हणजे स्पॅनिश मिठाचा पाव, लॅटिनच्या घरचा. शेजारच्या थाळीत ‘शोपाव’, होक्कियनकडचा. एका गिऱ्हाइकाने दोन्ही घेतले तर पिशवीत एक तांबडा, एक निळा.

११ फेब्रुवारी

निळ्यांचा दिवस. भराभर:

हवाई बेटांवर ‘पाउ’ म्हणजे संपलं. ‘पाउ हाना’ म्हणजे काम संपलं, सुटलो, चला आता गप्पांना. न्यूझीलंडच्या माओरीतही ‘पाउ’ म्हणजे संपून गेलेलं. हवाईला १८७८ पासून मदेइराचे पोर्तुगीज उसाच्या मळ्यांवर आले आणि त्यांच्याबरोबर त्यांचा गोड पाव आला. बेकरीत पाव संपला की तिथे काय म्हणत असतील, हे भाचीने विचारलं आणि स्वतःच हसत सुटली.

स्पेनमधल्या कातालान भाषेत ‘पाउ’ म्हणजे शांतता, लॅटिन ‘पाक्स’वरून. शिवाय पौलाचं नावही पाउ. चेलोवादक पाउ कझाल्स (जन्म १८७६) हे पौल म्हणून पाउ, पण आयुष्यभर बोलत राहिले शांततेबद्दल. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांत म्हणाले की माझ्या देशातले पक्षी ‘शांती, शांती’ असं गातात. म्हातारे होते तेव्हा, नव्वदीच्या पुढचे. भाकरीला मात्र कातालान ‘पा’ म्हणतात. तो तांबडा. एकाच गावात ‘पा’ तांबडा, ‘पाउ’ निळा.

फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी पो नावाचं गाव आहे, लिहितात ‘पाउ’ असंच. १५५३ साली चौथा आँरी राजा तिथे जन्मला. नकाशावर लहान टाचणी, पुढे काही नाही.

आणि खुद्द पोर्तुगीजमधला ‘पाउ’, नाकाशिवायचा. अर्थ लाकूड, काठी. ‘पाउ ब्राझिल’ या तांबड्या लाकडावरून ब्राझिल देशाचं नाव पडलं. पाव मागताना नाक विसरलं तर आपण काठी मागतो, आणि पोर्तुगीज बोलीत त्या काठीला दुसरा एक, चारचौघांत न बोलण्यासारखा अर्थ आहे. परक्यांची फजिती करायला तिथे हा आवडता शब्द. नाक टाकणारे आपण मराठी लोक तिथल्या बेकरीत काय मागू, ते बाईंना सांगितलेलं नाही. ‘पादः’ अजून ताजं आहे.

१५ फेब्रुवारी

आज ज्याची कल्पनाच नव्हती ते मिळालं.

लॅटिनमध्ये ‘कोम’ म्हणजे सह आणि ‘पानिस’. सोबत भाकर खाणारा तो ‘कोंपानिओ’. त्यातून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आली ती कंपनी. म्हणजे ‘कंपनी’ हा शब्द आपल्या पावाचाच नातेवाईक, रक्ताचा, तांबड्या दोऱ्याचा!

मुंबई बेट पोर्तुगीजांनी १६६१ च्या लग्नकरारात इंग्लंडच्या राजाला दिलं आणि राजाने १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला. पाववाल्यांकडून कंपनीवाल्यांकडे. दोन्ही नावांत एकच भाकरी, फक्त एकाने ती भट्टीत घातली आणि दुसऱ्याने दप्तरात. आमची वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती, मग चिमाजी अप्पांनी घेतली. इथला पाव किल्ल्याबरोबर गेला नाही.

मला आवडलेली कंपनी मात्र नाटक कंपनी. गावोगाव बिऱ्हाड, सोबत आचारी, प्रयोग संपल्यावर एका पंगतीत राजा, राणी आणि पडदा ओढणारा. त्यांना लॅटिन येत नव्हतं, पण शब्दाचा मूळ अर्थ ते रोज रात्री जेवत होते.

रेल्वेची पँट्री कारही यातलीच. फ्रेंचमध्ये भाकऱ्या ठेवायची खोली, त्यावरून पँट्री. पँट्रीतून वडापाव मागवला तर एकाच ऑर्डरीत पानिस दोनदा येतो. (वडा आपला.)

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी, वाचनालय बंद, बाईंनी किल्ली दिली. भाची आणि मी दुपारभर दोरे ओढत होतो. शिकलेलं: दोरा टाचणीला दोन वेढे दिल्याशिवाय ताणायचा नाही. लिस्बनची टाचणी तीनदा उपटून आली, तिच्यावर सगळ्या जगाचा भार. शेवटी खिळा मारला.

विजेचा बोर्ड बरोबर हिंदी महासागरात आला आहे. भाचीने त्याला कागदाचं शीड लावलं. जहाज झालं.

तांबडे चौदा, निळे सतरा. निळे जास्त निघतील असं वाटलं नव्हतं.

२२ फेब्रुवारी

वाचनालयाचे एक जुने सभासद, रोज वर्तमानपत्र वाचायला येतात, उभे राहून सगळं वाचलं. मग म्हणाले, “मुख्य राहिलं तुमचं. पीठ पायांनी तुडवत. म्हणून पाव.” मी म्हटलं, मराठीत पायाला पाव म्हणत नाहीत, पाँव हिंदीत. शिवाय जहाज गोव्याला निघण्याआधीच लिस्बनमध्ये हा शब्द होता. ते म्हणाले, “आमचे वडील सांगायचे.” याला उत्तर नाही. वडिलांच्या त्या सांगण्यात पावापेक्षा पावाचा विटाळच जास्त होता. विहिरीत पाव टाकला, पाणी प्यालेलं अख्खं गाव बाटलं, ही गोष्ट आमच्या भागात घरोघर ऐकलेली. जे खाऊ नये असं सांगायचं, त्याच्या नावातच पाय घुसवून दिला की काम सोपं होतं.

ती गोष्ट भिंतीवर घेतली नाही. पायाची मात्र घेतली, निळ्या दोऱ्याने, खाली ‘असंही सांगतात’ लिहून. काकांनी बघितलं आणि समाधानाने मान हलवली. निळ्याचा अर्थ कोपऱ्यातल्या सूचीत आहे, तिथे ते गेले नाहीत.

२५ फेब्रुवारी

मोठ्या अक्षरांच्या पट्ट्या छापून आल्या. ‘पादः’चा विसर्ग छापखान्यात कुणीतरी चुकून पडलेली दोन टिंबं समजून साफ करून टाकला. सहा इंची अक्षरांत, काळ्यावर पिवळं: पाद.

घरून काळा मार्कर नेऊन दोन टिंबं... नाही, पार्श्वभूमी काळी. पिवळ्या टिकल्या लावल्या. आईच्या हळदीकुंकवाच्या डब्यातल्या. विसर्ग चमकतो आहे.

२७ फेब्रुवारी

सकाळी दहाला उघडलं. शाळेची मुलं आली, टिकल्यांचा विसर्ग पाहिला, तरी हसलीच.

बेकरीचे मालक आले. चौथाईचा निळा दोरा बोटाने लिस्बनपर्यंत शोधत गेले, सापडेना, मग तांबड्यावरून पोहोचले. “म्हणजे आमचा पाव चारातला नाही?” “नाही हो.” थोडं थांबून म्हणाले, “गिऱ्हाइकाला तेच सांगणार मी. चारातलाच.” येताना दोन लाद्या आणल्या होत्या, मुलांसाठी. सहा-सहाच्या.

दुपारी गर्दी ओसरल्यावर एक गृहस्थ आले, इथल्याच पापडी गावचे, आयुष्यभर बोटीवर स्वयंपाकी. नकाशापुढे बराच वेळ. मग आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बोट टेकवून म्हणाले, “मापुतो राहिलं. मोझांबिक. तिथेही तोच मागायचो आम्ही.” आणि तो शब्द म्हणून दाखवला. शेवटपर्यंत नाकातून, जसाच्या तसा. दीड महिना मी ज्याच्याबद्दल लिहीत होते तो सूर पहिल्यांदा समोरून ऐकला. पुन्हा म्हणायला लावला. भाचीने तिसऱ्यांदा.

टाचणी लावली. तांबडा दोरा संपला होता. बाईंनी गौरव दिनाच्या हाराचा लाल दोरा सोडवून दिला, तो लिस्बनपर्यंत पुरला नाही, गोव्याला बांधला.

उद्या: तांबडा दोरा, एक रीळ. आईची पावली परत.